आजोबांच्या तीनशे बारा फेऱ्या

आमच्या आजोबांना जलवाहतूक खात्याचं अभिनंदनाचं पत्र आलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने मी हसले होते.

'श्री. बाबुराव गणपत उतेकर, वय ८१. गेल्या वर्षभरात आपण लाँचने ३१२ फेऱ्या केल्यात. सर्वाधिक जलप्रवास करणारे ज्येष्ठ नागरिक म्हणून आपला गौरव करण्यात येत आहे.'

आजोबा गेली दोन वर्षं ओटीवरच्या कॉटवरून अंगणापर्यंतसुद्धा कुणाचा हात धरल्याशिवाय गेलेले नाहीत. घराच्या बरोबर खाली धक्का आहे, चाळीस पायऱ्यांवर. ते वरूनच लाँच बघतात, आणि कुठली उशिरा आली ते सगळ्यांना सांगतात.

"बघ," ते आईला म्हणाले, "तुम्ही म्हणता मी दिवसभर पडून असतो."

"आता चष्म्याच्या डॉक्टरकडं न्यायला लाँच नको म्हणू नका मग," शालनकाकू म्हणाली आणि तिने पत्र देवळीत ठेवून दिलं. शालनकाकू म्हणजे माझी चुलती. काका गेल्यापासून ती आमच्याकडेच असते, आणि घरात आजोबांना उलट बोलायची परवानगी फक्त तिला आहे.

मी हसले, कारण मला वाटलं खात्यातल्या कुणीतरी गोंधळ घातलाय. गोंधळ माझा होता. तोही साधासुधा नाही, जिल्ह्यात पहिला आलेला.

नीट सांगते.

आमचं माळदेऊर धरणाच्या पाण्याच्या काठावर आहे. शाळा, बाजार, दवाखाना सगळं पाण्यापलीकडे, लाँचने पंचवीस मिनिटं. पूर्वी होड्या होत्या तेव्हा नावाड्याला पैसे द्यायची पद्धतच नव्हती. सुगी झाली की घरटी दोन पायली भात द्यायचं, मग वर्षभर त्या घरातलं कुणीही, कितीही वेळा जावो. पुढे विजेवरच्या लाँच आल्या, टेकवायची कार्डं आली, तेव्हा खात्याने प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड दिलं. आमच्या लोकांनी ती कार्डं जपून कपाटात ठेवली आणि सगळ्यांची नावं एकाच यादीला जोडून घेऊन एकच घरकार्ड वापरायला सुरुवात केली. एक घर, एक कार्ड. चौघं निघाली तरी एकाने टेकवलं की झालं. माणशी कार्ड टेकवणं म्हणजे आपल्याच घरातल्यांना परकं करणं, असं काहीसं वाटत असावं. मला विचाराल तर आळस.

पण लाँचच्या रजिस्टरला हे माहीत नव्हतं.

रजिस्टर म्हणजे डेटाबेस. डेटाबेस हे नुसतं कपाट नसतं. त्या कपाटातच एक कारकून राहतो, त्याला प्रोसिजर म्हणतात. म्हणजे छोटा प्रोग्राम, पण कपाटाच्या आतच लिहिलेला. कार्ड टेकलं की कारकून उठतो, यादीत बघतो, 'या कार्डाचं नाव आण आणि या डब्यात ठेव' ही ओळ चालवतो. डब्यात एकच नाव मावतं. घरकार्ड टेकलं की यादीतून पाच नावं येतात. कारकून गडबडतो आणि काम टाकून देतो. मग धक्क्यावरच्या पडद्यावर लाल अक्षरं यायची:

'चूक ४२२. अपेक्षित एकल पंक्तीऐवजी बहुपंक्ती प्राप्त झाल्याने प्रक्रिया खंडित. ओळ २१८.'

आमच्या लाँचचे ढेबेमामा याला 'बहुपंक्ती लागली' म्हणायचे, ऊन लागतं तशी. बहुपंक्ती लागली की ते पडद्याकडे पाठ करायचे आणि जुन्या पद्धतीने घराघराची नावं पुकारायचे. "उतेकर! किती?" "तिघं!" "झोरे! झोरे आले का? अरे, झोऱ्यांचं कोण हाय का न्हाय?" उत्तर आल्याशिवाय लाँच सोडायचे नाहीत. मग पडद्यावरचे पाचसात खटके दाबून कसंतरी पुढे जायचे. यात बारा मिनिटं जायची. मी मोजली होती.

दोन वर्षांपूर्वी खात्याने डेटाबेसवर 'वाटाड्या' बसवला. वाटाड्याचं काम इतकंच, की चूक आली की खाली एक हिंट द्यायची: काय झालं असेल, आता काय करा. त्याचं मराठी मात्र त्या एकल पंक्तीसारखंच होतं, म्हणून खात्याने शाळांमध्ये स्पर्धा ठेवली. चुका त्यांच्या, हिंट मुलांच्या. ज्या हिंटने चूक लवकर जाईल, तिला गुण.

आता माझ्याबद्दल. आठवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नसे. उघडलंच तर आधी 'कदाचित' यायचं. कदाचित बारा, कदाचित औरंगजेब. मुली मला हाकच मारायच्या, "ए कदाचित!" नववीत मी ठरवलं, बास. आणि त्याच महिन्यात ही स्पर्धा आली.

आमच्या कंप्युटरच्या तांबोळी मॅडमनी मला चूक ४२२ दिली. मी लिहिलं:

'एका कार्डावर खूप नावं निघाली! पहिलं ठेवा, बाकीची काढा, आणि निघा!'

मॅडमनी वाचलं आणि पेन्सिल टेकवली. "मृणाली, चूक दाखवणाऱ्या संदेशात दोन गोष्टी असतात. डिटेल म्हणजे जे घडलंय ते. ते पक्कं असतं. हिंट म्हणजे आपला अंदाज. अंदाजाला जरा सैल ठेवावं. इथे 'कदाचित' घाल."

"मॅडम, सगळं सांगा, पण तो शब्द नको."

मॅडम हसल्या. माझ्याकडे बघून त्यांनी तो आग्रह सोडला. त्या नंतर म्हणाल्या की तेवढा एक आग्रह त्यांनी धरायला हवा होता.

माझी हिंट धावली! लोकांना इतकं साधं कुणी सांगितलंच नव्हतं. पहिलं ठेवा, बाकीची काढा, एक खटका, हिरवा टिक, लाँच निघाली. बारा मिनिटांची चाळीस सेकंदं झाली. आमच्यासारख्या अकरा धक्क्यांवर तीच चूक, तिथेही माझीच हिंट. सत्त्याण्णव टक्के यश. जिल्ह्यात पहिली. शाळेच्या फळ्यावर माझं नाव तीन आठवडे होतं, आणि खाली कुणीतरी 'कदाचित' लिहिलं होतं ते मी स्वतः पुसलं.

वाटाड्या शिकतो. कसा, ते महत्त्वाचं आहे. हिंटप्रमाणे केल्यावर चूक गेली, म्हणजे हिंट बरोबर, एवढंच त्याला कळतं. चूक का गेली हे तो विचारत नाही. एखादी हिंट हजार वेळा अशी 'बरोबर' निघाली की तो माणसाला त्रासच देत नाही, स्वतःच तसं करून टाकतो. दिवाळीच्या सुमारास चूक ४२२ सगळ्या धक्क्यांवरून दिसेनाशी झाली. पडदा कायम हिरवा. ढेबेमामांनी नावं पुकारणं सोडलं. "पोरी, तू माझा घसा वाचवलास," ते म्हणाले, आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग मे महिना आला.

मे महिन्यात पाणी खाली जातं आणि जंगलाच्या बाजूच्या, बाजारापासून लांबच्या काठावर धरणात बुडालेलं जुनं माळदेऊर वर येतं. जोती, विहिरीचा कठडा, देवीचं दगडी देऊळ. तो काठ आता वाघांच्या राखीव जंगलात आहे, वर्षातून एकच दिवस तिथे जायला मिळतं. नियम एक: पाचच्या आत सगळ्यांनी तो काठ सोडायचा. पाचनंतर परवान्याशिवाय तिकडे निघालेली लाँच पाण्याच्या मध्यापर्यंत गेली की तिचं इंजिन आपोआप बंद पडतं.

त्या दिवशी एकोणीस घरांमधून दोन लाँच भरून माणसं गेली. आमच्या घरातून आई, शालनकाकू आणि मी. देवीला नारळ झाले, जेवणं झाली. साडेचारला परत निघालो. पहिली लाँच गेली. दुसरीत मी घरकार्ड टेकवलं. हिरवा टिक. 'उतेकर: परत. एकूण बाकी: शून्य.'

"शालन कुठाय गं?" आईने विचारलं. "पहिल्या लाँचला गेली का?"

"गेली असणारच. बाकी शून्य आहे ना! एक जरी माणूस मागे असतं तरी लाल आलं असतं."

ढेबेमामा दोर सोडता सोडता थांबले. "नीट बघितलंस न्हवं?"

"मामा, ती हिंट मी लिहिलीये."

मामांनी दोर सोडला.

पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही धक्क्यावर उतरलो. वरून, ओटीवरून आजोबांनी हाक मारली, "शालन कुठाय?"

पहिल्या लाँचमधली माणसं अजून पायऱ्यांवरच होती. "आमच्यात न्हवती," झोरेवहिनी म्हणाल्या. "ती वाड्याकडं गेली व्हती, तुमच्या जुन्या जोत्याकडं. आम्हाला वाटलं तुमच्याबरोबर येईल."

आई माझ्याकडे वळली.

मी केबिनमध्ये पळाले आणि पडद्यावर 'उतेकर' हे नाव उघडलं. आतापर्यंत ते उघडून बघायची गरजच कुणाला पडली नव्हती.

'उतेकर, बाबुराव गणपत. गेले: ९.०५. परत: ४.४१.'

रजिस्टरप्रमाणे त्या दिवशी आमच्या घरातून देवीला फक्त आजोबा गेले होते. कारण यादीत पहिलं नाव घरातल्या कर्त्याचं असतं. पहिलं ठेवा, बाकीची काढा. मी रोज शाळेत जात होते, तेव्हाही रजिस्टरप्रमाणे आजोबाच शाळेत जात होते. तीनशे बारा फेऱ्या! आणि काकू? काकू गेलीच नव्हती. जी गेली नाही ती परत यायची राहणार कशी?

मामांनी वनचौकीला फोन लावून स्पीकर सुरू केला. वनरक्षक कोळेकर त्या काठाच्या दुसऱ्या टोकाला असतात, मध्ये रस्ता नाही.

"कोळेकरसाहेब, आमची एक बाई मागं राहिलीये. परवाना सोडा."

"मामा, परवाना मी सोडत नाही. रजिस्टर सोडतं. बाकी असेल तर आपोआप निघतो. इथं तर शून्य दिसतंय."

"शून्य चुकीचं आहे!" मी ओरडले.

"मग बरोबर करा लवकर. मी इथून चालत निघालो तरी अंधार होईल. आणि गेल्या आठवड्यात वाघीण त्याच बाजूला दिसलीये, पिल्लांबरोबर."

बरोबर करा. मी वर घरी धावले, कपाटातून काकूचं स्वतःचं, कधीच न वापरलेलं कार्ड काढलं, चाळीस पायऱ्या उतरून आले आणि टेकवलं. काकूच्या नावाने एक 'गेली' नोंद झाली की बाकी एक होईल, परवाना निघेल. साधं!

पडदा क्षणभर लाल झाला. लगेच हिरवा.

'एका कार्डावर खूप नावं निघाली! जादा नोंद काढली आहे. शुभ प्रवास!'

काकूचं कार्ड घराच्या यादीला जोडलेलं होतं. त्यामुळे पुन्हा पाच नावं, पुन्हा चूक, आणि वाटाड्याने ती माझ्याच शब्दांत मिटवली. मी पुन्हा टेकवलं. पुन्हा शुभ प्रवास. उद्गारचिन्हासकट. तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही तेच.

मी तांबोळी मॅडमना फोन केला. सगळं एका दमात सांगितलं.

"तुला चूक दुरुस्त नाही करायची, मृणाली. तुला चूक परत हवीये. हिंट मागे घे. लिहिणारीलाच घेता येते. वाटाड्या काढलेल्या नोंदी महिनाभर बाजूला ठेवतो, त्या सगळ्या परत येतील."

"सगळ्या म्हणजे?"

"अकरा धक्क्यांच्या. सगळीकडे लाल होईल, नावं लागल्याशिवाय एकही लाँच सुटणार नाही. आज बाजारचा दिवस आहे, लोक पिशव्या घेऊन उभे आहेत. मीही त्यातच आहे. आणि पडद्यावर येईल, 'हिंट मागे घेतली: मृणाली उतेकर'."

मी पडद्याकडे बघितलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, '९७ टक्के. जिल्ह्यात १ली.'

"मॅडम, तुम्हाला उशीर होईल."

"मी पिशवीवर बसते. घे मागे."

घेतली.

पडदा लाल झाला, आणि लालच राहिला. चूक ४२२. डब्यात एकाची जागा, नावं पाच. उतेकर, झोरे, सपकाळ, शेलार, एकामागून एक घर उघडत गेलं. सकाळी घरातली सगळी गेलेली, परत मात्र घरटी एकच. एकूण बाकी: पंच्याहत्तर.

फोनवर कोळेकर अक्षरशः किंचाळले. "अहो पंच्याहत्तर? पंच्याहत्तर माणसं जंगलात?"

"नाही हो, एकच!" मी म्हणाले. "बाकीची घरी आहेत. पण ती एक खरी आहे."

परवान्याचा दिवा लागला. पाच वाजून अडतीस मिनिटं. मामांनी दोर सोडला तेव्हा आई उडी मारून चढली, मागोमाग मी. "तू कशाला?" आई म्हणाली. धक्क्यावर उतरल्यापासून तिचं मला उद्देशून हे पहिलं वाक्य होतं. मी उतरले नाही. मागे, दूर बाजाराच्या धक्क्यावर माणसांचा गलका चाललेला पाण्यावरून ऐकू येत होता. तो माझ्या नावाने होता.

ऊन अजून होतं. काकू जुन्या जोत्याच्या पायरीवर बसली होती, एक पाय पुढे पसरून. घोटा सुजून टम्म झाला होता. शेजारी आमच्या जुन्या घराचा पाटा होता, धुऊन लख्ख केलेला. गाव उठलं तेव्हा तो जड म्हणून मागे राहिला. काकू दर मे महिन्यात जाऊन त्याच्यावरचा गाळ काढते. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"आलात व्हय," ती म्हणाली. "भेगेत पाय गेला माझा. म्हटलं ओरडून काय उपयोग, मामा निघायच्या आधी हाक मारतीलच. उतेकर, किती, म्हणून. मग इथूनच ओ देईन." तिने मामांकडे बघितलं. "हाक आलीच न्हाय."

मामांनी टोपी काढली. "चुकलं, वहिनी."

"मामांचं नाही," मी म्हणाले. "काकू, ते माझं..."

"पुढचं घरी सांग. आधी उचला मला. पलीकडच्या झाडीत मघापासनं वानरं कालवा करतायत, मला काय ते बरं वाटत न्हाय."

आम्ही तिघांनी तिला उचललं. लाँचमध्ये तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मग आईने पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, पण पुसलं.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर मी जिथे जाईन तिथे बोलणी खाल्ली. बाजारच्या लोकांना दीड तास उशीर झाला होता. एका आजींचे मासे खराब झाले, त्यांनी ते आमच्या धक्क्यापाशी आणून दाखवले. मी ऐकून घेतलं. खात्याने यश मोजायची पद्धत बदलतो असं कळवलंय, बघू. तांबोळी मॅडमबरोबर बसून मी चूक ४२२ साठी नवा संदेश लिहिला. त्यात हिंट नाहीच. ती जागा आम्ही रिकामी ठेवली. फक्त डिटेल आहे:

'या कार्डावर पाच जण आहेत. त्यांची नावं खाली दिली आहेत. आज यातलं कोण चाललंय, ते मला माहीत नाही. एकेकाला विचारा.'

प्रत्येक नावापुढे दोन खटके: आहे, नाही. सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय कारकून पुढे सरकत नाही. मी आता जिल्ह्यात खालून दुसरी आहे. खालून पहिला जो आहे त्याने हिंट इंग्रजीत लिहिली होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी काकू दवाखान्यात पाय दाखवायला माझ्याबरोबर निघाली. मी कार्ड टेकवलं, लाल अक्षरं आली, आणि मामांनी घसा खाकरून पुकारा सुरू केला.

"शालन उतेकर!"

"समोर बसलीये की. डोळे गेले काय तुमचे?"

"मृणाली उतेकर!"

"आहे!"

आई घरी, बाबा पुण्याला, ती उत्तरं आम्ही दिली. राहिलं पहिलं नाव.

"बाबुराव उतेकर!" मामा वर तोंड करून ओरडले. एरवी ओटीवरून लगेच उत्तर येतं, आजोबा सकाळपासून त्याचीच वाट बघत असतात. आज काहीच नाही. मामांनी पुन्हा हाक मारली. लाँच भरलेली, शेलारांचा विनायक घड्याळ बघतोय, झोरेवहिनी म्हणाल्या, "अहो, म्हातारा कुठं जाणारे, दाबा की 'नाही'."

मामांनी खटक्यावर बोट ठेवलं नाही. माझ्याकडे बघितलं.

मी दप्तर काकूच्या मांडीवर टाकलं आणि चाळीस पायऱ्या चढले. आजोबा कॉटवर गाढ झोपले होते, तोंड उघडं, छातीवर खात्याचं ते पत्र. मी आधी त्यांचा श्वास बघितला. मग हलवलं.

"काय गं?"

"आजोबा, तुम्ही येताय का?"

"कुठं?"

"पलीकडे. लाँच थांबलीये."

ते कोपरावर जोर देत उठून बसले, खाली धक्क्याकडे बघितलं. दोन मिनिटं दम घेतला. मग हात तोंडाशी धरून, सगळ्या पाण्याला ऐकू जाईल असं ओरडले,

"न्हाय येत! जावा आता!"